‘आळशी’ वाफ्यांची गोष्ट : बटाट्यावर माती का ओढायची?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले पन्नासेक ‘ॲक्च्युअली’ आणि खालून गेलेल्या भंगारवाल्याची आरोळी गाळली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजची सुरुवात माझ्या एका फजितीपासून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी गच्चीत बटाटे लावले. कारण एकदम फालतू होतं. कांदे-बटाट्यांच्या टोपलीत तळाला राहिलेल्या पाच बटाट्यांना मोड आले होते, आणि मी त्या आठवड्यात वर्क फ्रॉम होम होतो. दोन ग्रो-बॅग आणल्या, त्यात माती, कोकोपीट, गांडूळखत भरलं. महिन्याभरात झाडं अशी फोफावली की मी रोज स्टेटसला फोटो टाकत होतो. ऑफिसच्या ग्रुपवर लोक मला ‘शेतकरीराजा’ म्हणायला लागले. फेब्रुवारीत झाडं पिवळी पडली, तेव्हा पिशवी उलटी केली. अकरा बटाटे निघाले आणि त्यातले सात हिरवेगार.

माझी आजी आंबेगाव तालुक्यातली, सातगाव पठाराच्या बाजूची. त्या पठारावर पावसाळ्यात बटाट्याचं पीक घेतात, वेफर्सवाल्या कंपन्यांसाठी करारावरसुद्धा. व्हिडिओ कॉलवर तिला ते हिरवे बटाटे दाखवले. तिने एवढंच विचारलं, “भर लावली व्हतीस का रं?”

मी म्हटलं, “भर म्हणजे?”

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

तर भर. झाड वीतभर उंच झालं, म्हणजे लागवडीनंतर साधारण महिन्याने, दोन्ही बाजूंची माती ओढून खोडाच्या बुंध्याशी चढवायची. शेतात यासाठी सरी-वरंबा असतो. सरीतली माती वरंब्यावर चढते आणि वरंबा उंच होत जातो. वर्षानुवर्षं हे काम कुदळीने, खुरप्याने, बैलाच्या अवजाराने आणि आता ट्रॅक्टरने होत आलंय. माझ्या पिशवीत ते झालंच नव्हतं.

ते का करायचं, हे समजून घ्यायला एक गोष्ट लक्षात ठेवा : बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. रताळं मूळ आहे, गाजर मूळ आहे, बटाटा मात्र खोड. लावलेल्या बेण्यातून जो कोंब वर येतो, त्याच्या जमिनीखालच्या भागातून आडव्या फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांची टोकं फुगून बटाटे होतात. बटाट्यावरचे ‘डोळे’ म्हणजे खोडावरच्या कळ्याच. आता खोडाला उजेड दिला तर खोड काय करणार? हिरवं होणार! आडवी फांदी उजेडात आली तर ती बटाटा धरायचं सोडून सरळ पानं फोडते. आणि तयार बटाटा उघडा पडला तर तो हिरवा होतो, सोबत त्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात. त्यामुळे तो कडू लागतो, आणि जास्त खाल्ला तर पोट बिघडतं. माझे सात बटाटे कचऱ्यात गेले ते यामुळे.

म्हणजे भर लावणं हे बटाट्याला ‘तू अजून जमिनीखालीच आहेस’ असं पटवत राहणं आहे. मग मला प्रश्न पडला की हे पहिल्यांदा कोणाला सुचलं? त्या प्रश्नामागे लागलो आणि दोन वीकेंड गेले. वाटलं होतं बागकामाची गोष्ट असेल. निघाली ती एका शिवीची गोष्ट.

आधी दक्षिण अमेरिकेत जाऊ. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी कमीच. या सरोवराच्या आसपासच्या डोंगराळ पट्ट्यात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने रानटी बटाटा माणसाळवला. तिथे माती पातळ, सपाट जागी पाणी साचतं आणि रात्री दहिवर गोठून पिकं मरतात.

त्यावर तिथल्या लोकांनी काय केलं? सरोवराकाठच्या सपाट जमिनीत लांबच लांब चर खणले आणि निघालेली माती दोन चरांच्या मधल्या पट्ट्यावर चढवली. पट्टा उंच, म्हणून मुळाशी पाणी साचत नाही. चरात पाणी, ते दिवसभर ऊन पितं आणि रात्री ती ऊब सोडतं, त्यामुळे पट्ट्यावरच्या पिकाला थंडीचा फटका कमी बसतो. चरात साचलेला गाळ पुन्हा वर टाकला की खत तयार. या पद्धतीला तिथे ‘वारू वारू’ म्हणतात. ही शेतं मध्ये शेकडो वर्षं पडीक होती. १९८०च्या दशकात क्लार्क एरिक्सन नावाच्या पुरातत्त्वज्ञाने तिथल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यातली काही पुन्हा उभी केली, आणि थंडीच्या रात्री ती शेजारच्या सपाट शेतांपेक्षा चांगली तगली. एक थर्मल बफर, एक ड्रेनेज सिस्टिम आणि एक खताचा कारखाना, तेही फक्त माती इकडून तिकडे सरकवून. मी कॉलेजात चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, इतकं नीटस डिझाइन एका असाइनमेंटमध्ये केलेलं आठवत नाही.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर बटाटा युरोपात गेला. सुरुवातीला त्याचं फारसं जमलं नाही. अँडीजमध्ये वर्षभर दिवस-रात्र जवळपास सारखे असतात. युरोपातल्या उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत हे झाड नुसतं वाढत राही, बटाटे धरायला शरद ऋतू उजाडे, आणि तोवर थंडी येऊन सगळं मरे. पण आयर्लंडमध्ये थंडी उशिरा येते, सौम्य येते आणि पाऊस भरपूर. सतराव्या शतकात तिथे बटाटा रुजला. आणि तिथल्या शेतकऱ्यांनी अँडीज कधी न बघता जवळपास तीच युक्ती काढली.

ती अशी. गवताळ जमिनीचा साधारण चार-पाच फुटी पट्टा घ्यायचा. नांगरायचा नाही, खणायचा नाही. गवतावरच शेणखत पसरायचं, समुद्र जवळ असेल तर समुद्री शेवाळ. ते पाठीवरच्या टोपल्यांतून डोंगर चढून आणावं लागे. त्या खतावर बेणं मांडायचं. मग दोन्ही बाजूंनी चर काढत जायचं आणि निघालेलं गवताचं ढेकूळ उलटं करून बेण्यावर झाकायचं, गवत खाली, माती वर. कोंब आले की चरातली आणखी माती फावड्याने वर टाकायची. म्हणजे भर! हे सगळं ‘लॉय’ नावाच्या अरुंद फावड्याने, ज्याला पाय ठेवायला एकाच बाजूला जागा असते. अँडीजमध्येही ‘चाकिताक्ला’ नावाचं पायाने दाबायचं अवजार आहे. दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघा, मजा वाटेल.

या वाफ्यांना इंग्रजीत नाव पडलं ‘लेझी बेड’. आळशी वाफा! कारण काय, तर वाफ्याखालची जमीन खणलेली नसते.

आता जरा विचार करा. पाणथळ दलदल, खाली दगड, वर चार बोटं माती. तिथे नांगर चालत नाही, बैल नाही, आणि असला तरी उतारावर उभा राहणार नाही. तिथे माणूस हाताने चर खणतो आणि पातळ मातीचे दोन थर एकावर एक चढवून दुप्पट जाड करतो. पाण्याला उतार काढून देतो. गवत कुजून खत होतं. समुद्रातल्या अरन बेटांवर तर उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळ वाहून आणून माती ‘बनवली’ आणि तिच्यात बटाटे लावले. आणि याला नाव काय, तर आळशी. मला हे वाचून राग आला, खरंच. आपल्याकडेही कोकणातल्या माणसाला मुंबईत बसून आळशी म्हणणारे काही कमी नाहीत, पण तो विषय राहू दे.

ही नुसती टोपणनावाची गंमत असती तर मी एपिसोड केला नसता. त्या नावामागचा समज पुढे सरकारी धोरणात शिरला.

१८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या होती सुमारे ८२ लाख. चांगली जमीन जमीनदारांकडे, त्यातले बरेच इंग्लंडमध्ये राहणारे. तिथलं धान्य आणि जनावरं विकून खंड भरला जायचा. गरिबांच्या वाट्याला उरायचा एक तुकडा, कधी तोही फक्त एका हंगामापुरता भाड्याने. अशा एकरभर तुकड्यातून एका कुटुंबाचं वर्षभराचं खाणं काढून देणारं पीक एकच होतं. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण बटाटा आणि ताक एवढ्यावर माणूस बऱ्यापैकी सुदृढ राहू शकतो, आणि ती माणसं राहिली होती.

आणि यातले बहुतांश गरीब एकच जात लावायचे, तिचं नाव ‘लंपर’. खडबडीत, पाणचट, पण भरघोस येणारी. बटाटा बेण्यापासून लावतात, म्हणजे प्रत्येक झाड आधीच्या झाडाची हुबेहूब कॉपी. अँडीजमधला शेतकरी एकाच शेतात पाच-दहा-वीस जाती मिसळून लावतो, कारण एक गेली तर दुसरी वाचते. आयर्लंडमध्ये सगळ्या सर्व्हरवर एकच व्हर्जन, आणि बॅकअप कुठेच नाही. मंडळी, आपल्या फील्डमधल्या लोकांना पुढे काय झालं ते सांगायला नकोच.

१८४५च्या सप्टेंबरमध्ये आयर्लंडमध्ये करपा दिसला. पानांवर काळे डाग, दोन-चार दिवसांत शेत काळं, आणि जमिनीखालचा बटाटा सडून घाण वास. त्या वर्षी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं पीक गेलं. १८४६ला जवळपास सगळंच गेलं. १८४७ला रोग तुलनेनं कमी होता, पण लावायला बेणंच उरलं नव्हतं. भुकेने लोकांनी ते खाल्लं होतं. दोन वर्षांपूर्वी २० लाख एकरांच्या आसपास असलेलं बटाट्याचं क्षेत्र त्या वर्षी तीन लाखांच्याही खाली आलं. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि या सगळ्या काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जातच होतं.

लंडनमध्ये मदतकार्याची सूत्रं होती चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याकडे. हा गृहस्थ तरुणपणी भारतात कंपनी सरकारच्या नोकरीत होता आणि नंतर मद्रासचा गव्हर्नर म्हणून परतही आला. १८४८मध्ये त्याने या दुष्काळावर पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा, की बटाटा लावायला आणि काढायला फार थोडे दिवस लागतात, उरलेलं वर्ष आयरिश माणूस रिकामा असतो, म्हणून बटाट्यानेच त्याची सवय बिघडवली. म्हणजे पीक आळशी, वाफा आळशी, माणूसही आळशी, मग त्याला फुकट खायला घातलं तर आणखी आळशी होईल! ज्याने शेवाळाची टोपली घेऊन डोंगर चढला नाही, त्याने हे हिशोब मांडले.

१८४७च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून दिवसाला तीस लाखांच्या घरात लोकांना जेवण मिळत होतं. म्हणजे इच्छा असली तर जमत होतं. पण ती केंद्रं काही महिन्यांत बंद केली. त्याच वर्षीच्या मदतकायद्यात विल्यम ग्रेगरी या खासदाराने एक कलम घातलं : ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे, त्याला सरकारी मदत नाही.

पाव एकर म्हणजे आपल्या भाषेत दहा गुंठे.

दहा गुंठ्यांपेक्षा जास्त असेल तर ती सोडा, मग खायला मिळेल. पोराबाळांच्या तोंडात आज घास घालायचा तर पुढच्या वर्षीचे वाफे जमीनदाराला परत करायचे. अनेकांनी केले. जमीन सुटली की झोपडी पाडायला जमीनदार मोकळा. काहींनी जमीन सोडली नाही आणि ते उपाशी मेले. मला या पूर्ण इतिहासात १० लाखांचा आकडा जितका हलवत नाही, तितकं हे कलम हलवतं. गावाकडे दहा गुंठ्यांसाठी भावकीत काय काय होतं, ते आपण पाहिलेलं असतं ना!

आता रोगाकडे. तेव्हा कोणालाच कळत नव्हतं की हे आहे काय. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, त्यात जॉन लिंडली हा त्या काळचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचं मत, की अति पावसाने झाडं पाणी पिऊन फुगली आणि सडली. समितीने बटाटे वाळवून हवेशीर खड्ड्यांत कसे ठेवायचे, याची पत्रकं वाटली. लोकांनी तसं केलं, बटाटे तरीही सडले. याउलट माइल्स बर्कली या पाद्र्याने १८४६मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितलं की पानांवरची ती बुरशी हा रोगाचा परिणाम नसून तेच कारण आहे. त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. पुढे आन्तोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगांनी सिद्ध केलं आणि १८७६मध्ये त्या जीवाला नाव दिलं, ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’. (तांत्रिकदृष्ट्या ती बुरशी नाही, समुद्री तपकिरी शेवाळांच्या जवळची आहे. हो, ज्या शेवाळाचं खत होतं, त्याचीच लांबची नातलग!)

आणि इथे आपली भर परत येते. १८८०च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स लुडविग येन्सन नावाच्या माणसाने एक साधा प्रश्न विचारला : रोग तर पानांवर येतो, मग जमिनीखालचा बटाटा कसा सडतो? त्याला दिसलं, की पानांवरचे बीजाणू पावसाबरोबर खाली पडतात आणि पाण्याबरोबर मातीतून झिरपत बटाट्यापर्यंत पोचतात. वरची माती जितकी जाड, तितके ते वाटेतच गाळले जातात. म्हणजे माती हा फिल्टर! त्याने सांगितलं, उंच आणि जाड भर लावा, सगळ्यात वरच्या बटाट्यावर चांगली चार-पाच इंच माती राहू द्या, आणि झाडाचा पाला एका बाजूला झुकवा, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी वरंब्यावर न पडता सरीत पडेल. त्याच दशकात फ्रान्समध्ये मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं, आपल्या द्राक्षवाल्यांच्या रोजच्या वापरातलं. ते फवारणं सोपं, म्हणून येन्सनचं नाव मागे पडलं. पण भर लावायचं ते कारण आजही तितकंच खरं आहे.

नीट समजून घ्या हं, जास्त भर लावली असती तर आयर्लंड वाचलं असतं, असं मी म्हणत नाहीये. पानंच जळाली की बटाटा वाढायचा थांबतो, मग भर काय करणार? माझं म्हणणं एवढंच, की ज्या मातीच्या ढिगाऱ्याला आळशीपणाची खूण मानलं, तो त्या जमिनीत, त्या पावसात केलेला सगळ्यात शहाणा उपाय होता. चूक ढिगाऱ्याची नव्हती. ती होती जमिनीच्या वाटपाची, एकाच जातीवर अवलंबून राहायला भाग पाडणाऱ्या गरिबीची, आणि वेळेवर हात आखडता घेणाऱ्या सरकारची.

आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, शब्दही त्यांचाच, ‘बटाटा’. गंमत म्हणजे उपवासाचं ताट बघा : बटाटा, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणा, मिरची, रताळं. सगळं अमेरिकेतून आलेलं. शिवरायांच्या काळातल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती, हे आमच्या घरी सांगून मी एकदा वातावरण तापवून ठेवलं होतं. आयर्लंडमध्ये हे सगळं घडत होतं त्याच सुमारास महाबळेश्वरात तुरुंगातले चिनी कैदी इंग्रजांसाठी बटाटे आणि भाज्या पिकवत होते. तो करपाही मागोमाग आला, १८७० ते १८८०च्या दरम्यान निलगिरीत. आता तो देशभर आहे. १९४९मध्ये आपली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली, आणि ‘कुफरी’ नावाने येणाऱ्या जातींमध्ये करप्याला तोंड देणं हा एक मोठा उद्देश राहिला आहे.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, “आन् त्या बायांनी शेवाळ किती लांबनं आणलं म्हनतोस?” मी म्हटलं, समुद्रापासून वर डोंगरावर. “मग आळशी कोन म्हनला त्यास्नी?” तिला नाव सांगितलं. तिला काही फरक पडला नाही, तिने त्या साहेबाला जे म्हणायचं ते म्हटलं. ते इथे छापत नाही.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी पटकन. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर लावा, कारण रात्र गार असल्याशिवाय बटाटा धरत नाही. पिशवी पूर्ण भरू नका, निम्मीच भरा, बेणं लावा आणि झाड वीतभर झालं की उरलेली माती टप्प्याटप्प्याने चढवा, शेंड्याची पानं उघडी ठेवून. आणि ते रील्समधले बटाट्याचे ‘टॉवर’, माती चढवत जा आणि प्रत्येक मजल्यावर बटाटे, त्यावर फार विश्वास ठेवू नका. बहुतेक जातींत बटाटे बेण्याच्या आसपासच्या थरातच धरतात. भर ही वाढीव पिकाची जादू नाही, झालेल्या पिकाचं पांघरूण आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमारा किंवा अकिल बेटावर, डोंगरउतारांवर आजही ते वाफे दिसतात. पावणेदोनशे वर्षांत तिथे गवत वाढलंय, मेंढ्या चरतात. भर दुपारी काही कळत नाही. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की सरी-वरंब्याच्या सावल्या उमटतात, डोंगराच्या पार वरपर्यंत, जिथे आता एकही घर नाही. मी फक्त फोटो पाहिलेत. एक फोटो आजीला पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

तिचा व्हॉइस मेसेज आला : “बटाट्याचं रान हाय. पर काढनी झालेली दिसत न्हाई.”

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या टोपलीतल्या मोड आलेल्या बटाट्यांचे फोटो पाठवा.